जवाईबुवांची डबी

जावई हा दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीच्या नवांचं बरं असतं. त्यांचे जप ठरलेले, दानं ठरलेली, भटजी सांगेल तसं केलं की ते गप्प बसतात. दहाव्याला पुरणाचे धोंडे घालावे लागतात, वर अनारसे द्यावे लागतात, आणि तो ओट्यावर बसून काहीही उद्योग करत असला तरी सासूने पदर सावरून कौतुकाने बघावं लागतं. दगूबाईचा दहावा ग्रह अधिकाच्या महिन्यात तापीकाठच्या घरी आला, दोन दिवस जेवला, झोपला, आणि तिसऱ्या दिवशी ओट्यावर बसून मासे धरायची डबी करायला लागला.

मासे! तिच्या नवऱ्याच्या, रूपचंद पाटलाच्या, या माळकरी घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नव्हतं. भाजीवाल्याच्या गाडीवर अंड्यांचा ट्रे दिसला तर दगूबाई त्या दिवशी घरची डाळ शिजवी, पण त्याची भाजी घेत नसे. आणि जावई हेमकांत तरी कुठला कोळ्याच्या पोटी आला होता? रनाळ्याचा, तिथेही माळकरी घर. सुरतेच्या कापडाच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणारा माणूस. पाण्याचा तांब्या हाताशी असला तरी 'मयूरी, पाणी' म्हणून हाक मारणारा. आणि मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हा म्हणे खिशातल्या एका डबीवर जंगलात एकटा राहून दाखवणार.

"का वं, तुन्हा नवरा मासा खाई का?" दगूबाईने स्वयंपाकघरात लेकीला विचारलं.

"खानार नई आई. धरतीन आनी सोडी देतीन."

"मंग धराना कसाले?"

मयूरी पाण्याचा तांब्या घेऊन ओट्यावर गेली.

दगूबाई हे सगळं जावयाला तोंडावर सुनावू शकली असती, तर तिचं पोट तरी हलकं झालं असतं. पण तिच्या घराण्यात सासू जावयाशी थेट बोलत नसे. काही सांगायचं तर लेकीकडून, लेक नसली तर भिंतीकडे बघून. त्यामुळे हेमकांतला या घरात फक्त आदर ऐकू येई. बाकीचं भिंतींना ठाऊक होतं.

आणि या वेळी तर जिभेला गाठच मारायला हवी होती. मयूरी एकुलती एक. लग्न होऊन सुरतेला गेली, तेव्हापासून दगूबाईचं लक्ष घरात कमी आणि फोनमध्ये जास्त. चैत्रात लेक फोनवर म्हणाली होती, "यासना जीव रमत नई आठे. बाबानी मळा सांभाळाले सांगा तर आम्ही तठेच यी जासूत." तेव्हापासून दगूबाईने ध्यासच घेतला. नदीकाठचा केळीचा मळा जावयाच्या हाती द्यायचा, म्हणजे लेक कायमची अंगणात. रूपचंद काही लगेच हो म्हणणारा नव्हता. त्याचा पुतण्या भाईदास मळ्यावर डोळा ठेवून होताच, आणि तो निदान केळीचा घड कुठून कापायचा हे जाणत होता. रूपचंद म्हणाला, "अधिकमा येवू दे जवाईले. मानूस पाहसू, मंग ठरावसू." म्हणजे परीक्षा चालू होती, आणि परीक्षार्थी ओट्यावर बसून बॉबिनला दोरा गुंडाळत होता.

बॉबिन दगूबाईच्या शिलाई मशीनचं. हेमकांतने गळ तेवढे ऑनलाइन मागवले होते. बाकी सगळं 'घरगुती' पाहिजे, असं त्याच्या मोबाइलमधला कुणी दाढीवाला सांगत होता. म्हणून त्याने घर धुंडाळलं. मशीनच्या बॉबिनवर तंगूस, म्हणजे ती पारदर्शक नायलॉनची दोरी, गुंडाळली. वजनाला पाण्याच्या बिघडलेल्या मोटारीतल्या लोखंडी चकत्या. झाकण घट्ट बसावं म्हणून सायकलच्या ट्यूबची पट्टी. आगपेटीच्या काड्यांना मेणबत्तीचं मेण चोपडलं, आणि ते करताना ओट्यावरही चोपडलं. डबी कुठली? तर देवघरातली, फुलवाती ठेवायची, पितळेची, दगूबाईच्या सासूच्या वेळची. मयूरीने ती मागचापुढचा विचार न करता काढून दिली होती. फुलवाती बिचाऱ्या एका वाटीत येऊन बसल्या.

हेही चाललं असतं. पण संध्याकाळी दिवा लावायला दगूबाई देवघरात गेली, तर बाळकृष्णाच्या मुकुटावरचं मोरपीस नाही. तिने पाटाखाली पाहिलं, निर्माल्यात पाहिलं. मग ओट्यावर पाहिलं. पिसाचा डोळा कापून बाजूला ठेवला होता आणि त्याचा पांढरा दांडा हेमकांत बोटभर कापून पाण्याच्या बादलीत तरंगवत होता.

"मोरपिसना दांडा बुडत नई, मामा," तो रूपचंदला सांगत होता. "मासा लागना का हाई खाले जास. मंग समजी लेवानं."

रूपचंद झोपाळ्यावर बसून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. केळीचा भाव पडला तरी तो असाच बसे. दगूबाईने बाळकृष्णाच्या डोक्यावर तुळशीची मंजिरी खोवली आणि देवाला मनात म्हणाली, तुझ्याच डोक्यावरचं गेलं रे बाबा, माझ्या तर डोक्यात गेलंय.

दुसऱ्या दिवशी हेमकांतने भरलेली डबी सगळ्यांना उघडून दाखवली. भाईदासही आला होता. जिथे पुढे हसायला मिळणार असेल तिथे तो न बोलावता येई. दगूबाई दाराआड उभी राहिली.

"मानूस पूरमा अडकना, जंगलमा अडकना, तर हाई डबी खिसामा पाहिजे," हेमकांत म्हणाला. "आनी हाई पहा, सगळासमा मोठी वस्तू." त्याने कागदाची एक लहान पुडी उलगडली. आत दाढीचं अर्धं ब्लेड होतं. "मासानी गळ खोल गिळी लिधा ना मामा, तर वढानं नई. वढं तर त्याना जीव जास. दोरी तोंडजोडे कापी टाकानी. मासा वाची जास."

"आनी जवाईबुवा वाचतस का नई?" भाईदासने विचारलं, आणि स्वतःच हसला.

दगूबाईला हसू आलं नाही. तिची नजर ब्लेडवर खिळली होती. डबी तिच्या देवघरातली. म्हणजे अधिकाच्या महिन्यात, सासरच्या घरातून, जावयाच्या हाती गेलेली वस्तू. कुणी काही म्हणो, ते वाणच झालं. आणि अधिकात जावयाला द्यायचं ते जाळीदार. अनारसा, बत्तासा, ज्यातून प्रकाश दिसतो असं काही. धारेची वस्तू देतात का कुणी? धार दिली की नातं कापलं जातं. तिच्या मावसबहिणीने हौसेने जावयाला सुऱ्यांचा डबा दिला होता, आणि वर्षाच्या आत मुलगी पेटी घेऊन माहेरी. हे असं डोळ्यांनी पाहिलेलं असताना दगूबाईने स्वस्थ कसं बसायचं?

ती बसलीही नाही. स्वस्थ बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. तिचा हात फिरला नाही अशी त्या घरात वस्तू नव्हती. रूपचंदने खिशात ठेवलेल्या गोळ्या ती दुसऱ्या खिशात ठेवी. मयूरीने भरलेली बॅग ती पुन्हा उपसून भरी, आणि सुरतेला पोचल्यावर लेकीला तिचा ड्रेस सापडत नसे, पापड मात्र सापडत. लेकीने डाळीत मीठ घातलं तर तिची पाठ वळताच दगूबाई चिमूटभर आणखी घाली. याला ती माया म्हणे, आणि माया होतीच.

तेव्हा दुपारी जावई घोरत असताना तिने डबी उघडली. पुडीतलं ब्लेड काढून कागदाच्या तुकड्यात गुंडाळलं आणि पदराच्या गाठीत बांधलं. पुडी रिकामी ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिच्यात एक चिमुकला बत्तासा ठेवला. पुडी होती तशी दुमडली, झाकण लावलं, रबरी पट्टी चढवली. अपशकुन टळला, वर गोड झालं. धरणार कुठे हा मासा, असंही तिच्या मनात आलं. ज्याला कणकेचा गोळा मळता येत नाही, त्याच्या गळाला मासा लागायला माशाची बुद्धी फिरायला हवी.

माशाची बुद्धी फिरली नाही. माशाने विश्वास ठेवला.

मळ्याच्या टोकाला तापीत उतरणाऱ्या जुन्या दगडी पायऱ्या आहेत. खाली बॅरेजचा बंधारा झाल्यापासून तिथे भर उन्हाळ्यातही पाणी असतं. अधिकाच्या महिन्यात दगूबाई रोज सकाळी तिथे बसून माशांना कणकेच्या गोळ्या टाकी. प्रत्येक गोळीला देवाचं नाव घेई. मासे आता तिची पावलं ओळखत. त्यांत एक थोराड होता, लालसर शेपटीचा, बाकीच्यांना ढकलून पहिला येणारा. तिने त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. मुकादम आला नाही तर तिला दिवसभर चुकल्यासारखं होई.

हेमकांतने आपल्या परीक्षेला नेमकी तीच जागा निवडली. आणि आमिष म्हणून मयूरीकडून कणकेच्या गोळ्या मागून घेतल्या.

दगूबाईला हे कळलं तेव्हा सगळे पायऱ्यांवर पोचले होते. ती धापा टाकत केळीच्या ओळींतून गेली. रूपचंद वरच्या पायरीवर बसलेला, भाईदास मोबाइल उभा धरून तयार, मयूरी नवऱ्याची चप्पल हातात घेऊन. हेमकांतने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती, आणि मोरपिसाचा दांडा पाण्यावर डुलत होता.

"त्याले सांग, आठे नको," दगूबाई लेकीला म्हणाली.

मयूरी तोंड उघडेपर्यंत दांडा सर्रकन पाण्याखाली गेला.

हेमकांत ओरडला, आनंदाने. त्याने दोरी हातावर गुंडाळत ओढली, पाणी फाटलं, आणि लाल शेपटी दगडावर आपटली. मुकादम.

आणि मग कुणालाच काही सुचेना. मासा धरायचा कसा, याचे व्हिडिओ हेमकांतने रात्रंदिवस पाहिले होते. धरलेल्या माशाला हात कसा लावायचा, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं. मासा उसळी मारी तसा तो मागे सरके. रूपचंद उठून उभा राहिला, पण तोही पायरीवरच. या एका बाबतीत सासरा, जावई आणि पुतण्या तिघेही सारखेच शहाणे होते.

शेवटी हेमकांत गुडघ्यांवर बसला. डोळे मिटून त्याने माशावर हात ठेवला, दचकला, पुन्हा ठेवला. तोंडात पाहिलं. गळ दिसत नव्हता. दोरी सरळ घशात गेली होती.

"गिळी लिधा," तो पुटपुटला. "काही हरकत नई. कापी टाकसू."

त्याने एका हाताने डबी उघडली, पुडी काढली, दातांनी उलगडली. आत बत्तासा.

तो बत्ताशाकडे बघत राहिला. मग त्याने मान वर केली आणि दगूबाईकडे पाहिलं. जावयाने सासूकडे असं सरळ कधी पाहिलं नव्हतं. त्याला कळलं होतं. या घरात दुसऱ्याच्या डबीत बत्तासा कोण ठेवतं, हे कळायला काही मोठी अक्कल लागत नव्हती.

दगूबाईचा हात पदराच्या गाठीवर होता. दोन पायऱ्या उतरून गाठ सोडायची, बस. पण रूपचंद बघत होता, भाईदासचा मोबाइल बघत होता. तिने हात पदराखाली घेतला आणि ती उभीच राहिली.

"अरे काप ना मंग!" रूपचंद ओरडला. "ब्लेड कथं शे?"

हेमकांतने बत्तासा मुठीत झाकला. "इसरी गऊ, मामा."

भाईदास हसत सुटला. "जीव वाचाडानी डबी! आनी ब्लेडच घर राह्यनं!"

हेमकांत दातांनी दोरी तोडू लागला. ती ओठात रुतली, रक्त आलं, पण तंगूस ते, दातांना दाद देत नाही. रूपचंदने भाईदासला कोयता आणायला पिटाळलं. कोयता केळीत कुठेतरी खोचलेला होता, आणि भाईदासला घाई नव्हती. तो येईपर्यंत मुकादमच्या कल्ल्यांची हालचाल थांबली होती. हेमकांतने दोरी कापली, माशाला दोन्ही हातांनी पाण्यात धरलं, पुढेमागे हलवलं. सोडलं तर तो आडवा झाला आणि तसाच वाहत गेला. हेमकांत कितीतरी वेळ पाण्यात हात घालून बसला. तो रडत होता, आणि ते लपवायची अक्कलही त्याला नव्हती.

घरी आल्यावर रूपचंद चुलीपाशी येऊन उभा राहिला. "ज्याले बोटभर डबी भरता येस नई, त्याना हातमा मी मळा देसू? भाईदासले सांगी देस."

दगूबाईचा पुरण वाटणारा हात थांबला. तिला आधी जावयाचाच राग आला. कुणी सांगितलं होतं याला मोठेपणा करायला? 'मामींनी काढलं' म्हणाला असता तर रूपचंद तिच्यावर चार शब्द ओरडला असता आणि विसरला असता. पण नाही, हा गप्प बसला, आणि तिची लेक पुन्हा सुरतेला निघाली. आता बोलायचं तर तिलाच बोलायला हवं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर, नाहीतर रूपचंदला पटणार नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्याच्या चुका चिमटीत धरून दाखवणाऱ्या बाईला स्वतःची एक चूक उचलताना घाम फुटला.

जेवणाची ताटं मांडली. हेमकांतचा ओठ सुजला होता. ताटात धोंडे होते, वाटीत तूप होतं, आणि ताटाशेजारी त्याने तो बत्तासा ठेवला होता. घामाने अर्धा विरघळलेला. दगूबाई तूप वाढायला वाकली आणि तशीच थांबली. तिने लेकीकडे पाहिलं नाही, भिंतीकडे पाहिलं नाही.

"जवाईबुवा," ती म्हणाली, "ब्लेड तुम्ही इसरनात नई. मी काढं."

रूपचंदचा घास हातात राहिला.

"धारनी वस्तू जवाईले देतस नई. म्हनीसन मी काढी लिधं, आनी बत्तासा ठेवी दिधा. तुम्हले माहीत व्हतं. तठे बोलनात नई."

मग रूपचंद एवढ्या मोठ्याने हसला की ओट्यावरची चिमणी उडाली. "आसं शे का! मंग यासनी काय चूक? मळा तुमनाच, जवाईबुवा. जेवा आते निवांत."

दगूबाईचा जीव भांड्यात पडला. कबुली दिली, आणि वर मळाही मिळाला. तिने मोठा चमचा भरून तूप ओतलं.

हेमकांतने ताटावर आडवा हात धरला. "बस, मामी." तो हळूच बोलत होता, पण तोही आता तिच्याकडे बघूनच बोलत होता. "तुम्ही ब्लेड काढं तेना राग नई. तुम्हले मन्हं बरंच करानं व्हतं. पन माले इचारं नई. मळामा भी आसंच व्हई. मी पानीनी नळी एक जागे टाकसू, सकाळे उठीसन पाहसू तर ती दुसरी जागे. आनी मी काही बोलाव नई. मन्हा सभाव नई तो. मामा, मळा भाईदासले द्या. आम्ही सुरतलेच बरा शेतस."

स्वतःबद्दल एवढं जावई या घरात कधी बोलला नव्हता. दगूबाईने लेकीकडे पाहिलं. आता ती बोलेल, नवऱ्याला समजावेल, रडेल; तिलाच तर यायचं होतं.

मयूरी ताटात बोट फिरवत होती. "आई," ती म्हणाली, "सुरतनी खोली ल्हानशी शे. पन तठे मन्हा डबा मी भरस."

दगूबाई तुपाचं भांडं घेऊन स्वयंपाकघरात गेली. तिथे कुणी नव्हतं. तिने फडताळातला मिठाचा डबा उगाच इकडचा तिकडे ठेवला, मग तो पुन्हा होता तिथे ठेवला, आणि तोंडात पदर कोंबून रडली.

सकाळी गाडी आली. बॅग मयूरीने स्वतः भरली होती आणि ती ओट्यावर बंद ठेवली होती. दगूबाईचे हात तिच्याकडे वळत होते. तिने ते पाठीमागे धरले. पापड राहिले होते. राहू देत.

मग तिने पदराची गाठ सोडली. कागदाची चिमुकली पुडी काढून हेमकांतपुढे धरली.

"आई, धारनी वस्तू हातमा देतस नई," मयूरी म्हणाली. "खाले ठेव." हे तिला दगूबाईनेच शिकवलेलं होतं.

दगूबाई गुडघ्यांवर हात टेकत वाकली आणि पुडी ओट्यावर ठेवली. हेमकांतने ती उचलली. खिशातून डबी काढली, रबरी पट्टी सोडली, ब्लेड आत ठेवलं. झाकण लावणार, तोच तो थांबला आणि उघडी डबी त्याने सासूपुढे धरली.

"मामी, पाही ल्या. काही राह्यनं का?"

दगूबाईने पाहिलं. तिच्या मशीनचं बॉबिन. तिच्या बाळकृष्णाचं पीस. तिच्या सासूची डबी. मेणबत्तीचा तुकडा तिरका पडला होता. तो उभा ठेवला असता तर काड्यांना आणखी जागा झाली असती. बोट पुढे गेलं होतं. तिने ते मागे घेतलं.

"नई," ती म्हणाली. "बराबर शे."

हेमकांतने झाकण लावलं. गाडी शहाद्याच्या रस्त्याला लागली, वळणावर केळीआड गेली, आणि दगूबाई तिथेच ओट्यावर उभी राहिली. उद्यापासून अंगण तिचं, घर तिचं, प्रत्येक डबा तिचा; हवा तसा लावावा. बघायला कुणी नव्हतं.